खिळ्यांच्या डब्यावरचं नाव

त्या गोळीचं नाव घरात कुणालाच धड घेता येत नव्हतं.

मुलगा म्हणायचा वॉरफेरन. सून म्हणायची वॉरफॅरिन, आणि तिचं बरोबर होतं. पण सुनेचं बरोबर आहे असं घरात उठून म्हणणार कोण? समोरच्या दारातली शिंपीणबाई रोज चौकशीला यायची, ती नुसतं 'ती फॅरनवाली' म्हणून वेळ मारून न्यायची. आणि जिला ती गोळी घ्यायची होती तिनं, म्हणजे बोकोबांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी तिचं 'वारफारीण' करून टाकलं. शेजारीण, विहीण, तशी वारफारीण. दिवे लागले की पलंगावरून हाक यायची, "अहो, आली का माझी वारफारीण?" आणि स्वतःच्याच विनोदाला ती स्वतःच हसायची. हसली की छातीवरच्या टाक्यांना ओढ बसायची. मग "आई गं" म्हणून उशी छातीशी आवळायची आणि उशी आवळून पुन्हा हसायची.

बोकोबा नावाच्या फंदात पडत नसत. ते 'गोळी' म्हणत आणि मोकळे होत. बोकोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची उभी हयात धान्याच्या गोदामात उंदीर मारण्यात गेली. हमालांनी त्यांना आधी बोका केलं, आणि केस पिकले तसं मान द्यायचा म्हणून बोकोबा. घरी यायला नावाला काय वाट लागते? आलं तेही.

बायकोच्या काळजाची एक झडप निकामी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी छाती उघडून ती काढली आणि तिच्या जागी धातूची झडप बसवली. झडप उत्तम आहे, म्हणाल्या, पण धातूपाशी रक्त थबकतं आणि गुठळी धरतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची ही गोळी जन्मभर घ्यायची. रोज. ठरल्या वेळेला. चुकवायची नाही. त्या झडपेचा आवाज यायचा. खोलीत सामसूम असली की ऐकू यायचा, टिक, टिक, टिक. "लहानपणी गिळलेलं घड्याळ आत्ता चालू झालं बघा," असं बायको आल्यागेल्याला सांगायची. बोकोबा मात्र वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो आवाज ऐकत बसायचे. पान उलटायचं राहून जायचं.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि दुकानाची गर्दी नेमकी संध्याकाळची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लोक अडकायचे तेही नेमके संध्याकाळीच. त्यामुळं गोळी द्यायचं काम बोकोबांकडं आलं. सून सकाळी जाताना त्या दिवसाची गोळी एका छोट्या वाटीत काढून वर बशी झाकून ठेवायची. दिवे लागले की बोकोबांनी बशी उचलायची आणि गोळी बायकोच्या तळहातावर ठेवायची. एवढं सोपं. लहान पोरालाही जमावं.

काही आठवडे जमलंही.

मग एक दिवस सुनेची सुट्टी होती. जवळच्या औषधवाल्याकडची गोळी संपली होती, म्हणून ती लांबच्या दुकानात फोन लावून बसली होती. बोकोबा गॅलरीत कपड्यांच्या दोरीसाठी खिळा ठोकत होते. "वॉरफॅरिन," सून फोनवर म्हणाली. "नाही, नाही, वॉर... अहो, ऐकून घ्या. थांबा, स्पेलिंगच सांगते. डब्ल्यू. ए. आर. एफ..."

बोकोबांचा हातोडा वरच राहिला.

आता हे समजायला गोदामातली एक गोष्ट सांगायला हवी. उंदीर हा महाधूर्त प्राणी. नव्या खाण्याला तो सहसा तोंड लावत नाही. एकानं लावलं आणि तो तडकाफडकी मेला, तर बाकीचे शहाणे होतात आणि सात पिढ्या तिकडं फिरकत नाहीत. म्हणून जालीम विष कुचकामाचं. त्याला घालायचं ते थोडं थोडं, रोज, त्याच जागी. खाणाऱ्याला पत्ताच लागता कामा नये. चार-सहा दिवस तो मजेत खातो. मग मलूल होतो, आणि एखाद्या पोत्याआड अंग टाकतो. औषधाचं काम शिकवायला जो माणूस आला होता, त्यानं सांगितलं होतं, "यानं रक्त पातळ होतं. गोठतच नाही. आतल्या आत झिरपत राहतं." आणि दोन नियम घालून दिले होते. एक, दवेचा दाणा खाली सांडू द्यायचा नाही. उरलेलीही कुठं टाकायची नाही, डब्यात परत. दोन, ज्या खोलीत दवा घातली त्या खोलीच्या दारावर तिचं नाव लाल रंगानं रंगवायचं, डब्यावरचं बघून, अक्षर न् अक्षर.

बोकोबांचं इंग्रजी बेताचंच. पण ती अक्षरं त्यांनी इतक्या दारांवर रंगवली होती की हाताला पाठ झाली होती. त्यांचा उच्चार मात्र कधी कानावर पडला नव्हता. गोदामात सगळे नुसतं 'दवा' म्हणत. म्हणूनच तर इतके आठवडे घरात त्या नावाचा गजर चालला होता आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

सून एकेक अक्षर सांगत गेली आणि बोकोबांची बोटं हातोड्याच्या दांड्यावर एकेक अक्षर काढत गेली. शेवटचं अक्षर झालं. त्यांनी पायाशी ठेवलेला खिळ्यांचा डबा उचलला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी आठवण म्हणून रिकामा डबा धुऊन घरी आणला होता, तोच हा. रंग उडाला होता, कडेला गंज चढला होता. पण नाव होतं. ढळढळीत होतं.

दुपारी सून झोपल्यावर त्यांनी तिचं भिंग घेतलं आणि गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं डब्यावरच्या अक्षरांशी लावून बघितली. पुन्हा बघितली. उजेडात नेऊन बघितली. तेच! अगदी तेच!

आतल्या खोलीत टिक, टिक चालू होतं.

त्या दिवसापासून बोकोबांचं घरात चित्त लागेना. बसले की उठायचे, उठले की गॅलरीत जायचे, गॅलरीतून परत. चहा हातात निवून जायचा. "पायाला भिंगरी लागलीय का हो?" बायको विचारायची. "मला टाके पडलेत आणि स्वस्थपणा तुमचा गेलाय."

आधी त्यांनी मुलाला खडा टाकून बघितला. "त्या गोळीत असतं तरी काय रे?"

"रक्त पातळ करायचं औषध असतं, बाबा."

"ते कळलं. पण ते कशापासून करतात? दुसरीकडं कुठं वापरतात का ते?"

"बाबा, डॉक्टर आहेत त्या. उगाच कीस पाडत बसू नका. तुम्हाला काय, सगळीकडं उंदीर दिसतात!"

हे खरं होतं. या घरात राहायला आले तेव्हा बोकोबांनी सामान खाली थांबवून ठेवलं होतं आणि आधी चारही खोल्यांतून रांगत जाऊन कोपरे हुंगले होते. ते पाहुण्यांना सांगून मुलगा आजही हसवायचा. आता अशा घरात 'तुझ्या आईला उंदराची दवा देतायत' असं म्हणायचं म्हणजे आणखी एका पिढीला हसायला विषय द्यायचा.

मग बोकोबा औषधवाल्याकडं गेले. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. "ही गोळी जास्त झाली तर काय होतं गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"रक्तस्राव होतो, आजोबा. हिरड्यांतून, नाकातून. अंगावर काळेनिळे डाग दिसले तर लगेच डॉक्टरांकडं न्या," ती म्हणाली. बिचारीनं चांगल्या मनानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहाचा कप घ्यायला हात पुढं केला, आणि कोपरापाशी निळा डाग! तपासणीसाठी रक्त काढलं होतं त्याचाच तो होता. पण बोकोबांना काय दिसायचं ते दिसलं.

आणि त्याच वेळी डोक्यात तो दुसरा विचार आला. थोडं थोडं. रोज. त्याच वेळी. आणि मधून मधून रक्त काढून बघायचं, कितपत मुरलंय ते. वाटीत काढून कोण ठेवतं? सून. मागच्या वर्षी स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ तिनं सासूला न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. एकमेकींशी बोलायचं ते बोकोबांच्या मार्फत. "सांगा तुमच्या सुनेला", "विचारा आईंना". आणि ऑपरेशन झाल्यापासून तीच सून सासूचे केस विंचरून देत होती, पाय चेपत होती. माणूस असा एका रात्रीत बदलतो? छे, छे, असलं काही मनात आणणंही पाप, असं म्हणून बोकोबांनी तो विचार झटकला. दोन पावलं गेले, तो पुन्हा पाठीशी हजर. मनातल्या मनात त्यांना लाजही वाटत होती, पण लाज वाटली म्हणून संशय थोडाच जातो?

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर डॉक्टरीणबाईंनाच का नाही विचारलं? सरळ बायकोलाच का नाही सांगितलं? अहो, विचारायचं बळ असतं तर माणूस गॅलरीतून शंभर फेऱ्या कशाला मारेल? आणि बायकोला कसं सांगणार? ती जन्माची भित्री. पालीला बघून खुर्चीवर चढणारी, वीज कडाडली की कानात बोटं घालणारी. तिला कळलं तर ती सगळीच औषधं भिरकावून देईल, किंवा नुसत्या भीतीनंच प्राण सोडेल, असा बोकोबांचा हिशेब. म्हणून जे करायचं ते गुपचूप.

बोकोबांना स्वतःला ताकदीच्या गोळ्या चालू होत्या. त्याही गुलाबी, त्याही तेवढ्याच. संध्याकाळ झाली, दिवे लागले, "आली का माझी वारफारीण?" अशी हाक आली. बोकोबांनी वाटीवरची बशी उचलली, आतली गोळी मुठीत धरली आणि स्वतःची एक बायकोच्या हातावर ठेवली. तिनं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या हातून आलेली गोळी कुणी निरखून बघतं का? पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाली, "आज गोड लागली."

"पाणी गोड असेल," बोकोबा म्हणाले.

खरी गोळी फेकायची कुठं? कचऱ्यात टाकावी तर एखादी मांजर तोंड घालायची. मोरीत टाकावी तर पाण्यात जायची. उरलेली दवा डब्यात परत, हा नियम हाडीमाशी खिळलेला. त्यांनी गॅलरीत जाऊन ती खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

मग रोजचंच झालं.

निळा डाग ओसरला. बायकोच्या तोंडावर जरा तकाकी आली, निदान बोकोबांना तसं वाटलं. आणि आणखी एक झालं. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ते ऐकायला बसले की टिकटिक आता पहिल्यासारखी खणखणीत येईना. मऊ झाली होती. कान देऊन ऐकावी लागे. बोकोबांना बरं वाटलं. लोखंड अंगात रुळलं, असं ते मनाशी म्हणाले. माझी ताकदीची गोळी लागू पडली! किती तरी दिवसांनी त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तेवढ्यात तपासणीचा कागद आला. रक्त हवं तसं पातळ नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवरून गोळी वाढवायला सांगितली.

"असं कसं झालं?" सून वाटीत दीड गोळी काढता काढता म्हणाली. "आई, पालेभाज्या जास्त खाताय का? त्यानं औषधाचा जोर कमी होतो म्हणाल्या." मग सासऱ्यांकडं वळून, "बाबा, तुम्ही रोज देता ना?"

"देतो की," बोकोबा म्हणाले. ते खोटं नव्हतं. देत होतेच काहीतरी.

पण त्या दीड गोळीनं त्यांची झोप पुन्हा उडाली. दवा खात नाही म्हटलं की गोदामातही असंच करायचे. दाणे वाढवायचे. आता ते स्वतःचीही मोडून दीड देऊ लागले, आणि सुनेच्या हातांकडं डोळे लावून बसू लागले. ती पाणी आणून देई तेही हुंगून बघू लागले. सुनेच्या ते ध्यानात आलं. ती ग्लास जरा आपटून ठेवू लागली.

आणि मग ती दुपार आली. सुनेची सुट्टी होती, ती आत कपडे घड्या करत होती. बायको पलंगावर बसून चहा पीत होती आणि शिंपीणबाईच्या नव्या मशीनबद्दल काही सांगत होती. सांगता सांगता थांबली. कप तिरपा झाला आणि चहा तिच्या मांडीवर सांडत गेला. ती कपाकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

"अगं, चहा सांडतोय! काय झालं?"

बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. "अ..." ती म्हणाली. "अ..." ओठांचा एक कोपरा खाली ओघळला होता. आयुष्यभर दिवसातून पन्नासदा जी हाक मारली, ती 'अहो' तिला येत नव्हती. ती ओळखत होती, बोलावत होती, आणि शब्द बाहेर येत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. बोकोबा तिच्या छातीला कान लावून ओरडले, "सूनबाई! अगं धाव! धाव लवकर!"

गाडी आली. "सगळी औषधं बरोबर घ्या!" सून जिन्यावरून ओरडली. बोकोबांनी पिशवी घेतली. दारापर्यंत गेले, परत फिरले, गॅलरीतून डबाही उचलला आणि काखोटीला मारला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग मान वर न करता विचारलं, "झडपेचा आवाज दबलाय. कधीपासून?"

कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. ऐकत बसणारं घरात एकच माणूस.

"झाले थोडे दिवस," बोकोबा म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मला वाटलं, बरं वाटतंय तिला."

यंत्रावर छातीचं चित्र काढलं. मुलगा कामावरून तसाच आला, हाताला ग्रीस. डॉक्टरीणबाईंनी तिघांना लहानशा खोलीत बसवलं. झडपेवर गुठळी धरली आहे, त्या म्हणाल्या, आणि तिचाच एखादा कण मेंदूकडं गेला. वाचा बहुधा परत येईल. पण मूळ दुखणं ते नव्हे. "गोळी वाढवून दिली, तरी रक्त गोठतंय. म्हणजे हे औषध यांना लागूच पडत नाही. मग झडप काढून दुसऱ्या तऱ्हेची बसवावी लागेल. आजच. एवढ्यात दुसऱ्यांदा छाती उघडायची म्हणजे धोका फार मोठा. मी खात्री देऊ शकत नाही. सही कोण करणार?"

मुलानं ग्रीसचा हात पँटला पुसला आणि पेन घेतलं.

बोकोबांनी डबा टेबलावर ठेवला. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा त्यांनी तो सरळ उपडाच केला. खिळे सांडले, आणि खिळ्यांतून गुलाबी गोळ्या. अख्ख्या, अर्ध्या, काहींना गंज लागलेला.

"तिनं खाल्लीच नाही," ते म्हणाले. "मी दिलीच नाही. माझी ताकदीची देत होतो. सही नको करू रे."

"बाबा!" मुलगा उभा राहिला. "तुम्ही... आईला मारलं असतंत तुम्ही!"

"मारू नये म्हणूनच दिली नाही!" बोकोबा ओरडले. त्यांनी डबा डॉक्टरीणबाईंसमोर धरला आणि बोट त्या नावावर टेकवलं. "हे वाचा. मी जन्मभर उंदीर मारलेत यानं. कसे मरतात ते मी बघितलंय. आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला काही कळत नाही, हे निराळं आणि ते निराळं. म्हणा!"

डॉक्टरीणबाईंनी डबा हातात घेतला. वाचला. बोकोबा वाट बघत होते, कधी नाही म्हणतायत.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे, आजोबा. तेच औषध."

बोकोबांची भांडायची एवढी तयारी वायाच गेली. ते खाली बसले.

"स्वयंपाकात मीठ घालतोच ना आपण?" त्या म्हणाल्या. "चिमूटभर घातलं तर जेवण, मूठभर घातलं तर ओकारी. मीठ तेच. उंदीर एवढासा, त्याला तुम्ही मूठभर घालत होतात. आम्ही यांना चिमूट देतो, आणि चिमटीतलं जास्त तर होत नाही ना, म्हणून रक्त तपासत राहतो. आणि 'रक्त पातळ' ही नुसती बोलायची रीत. पातळबितळ काही होत नाही. गोठायला जरा वेळ लागतो, बस. उंदराला तो वेळ मारतो. यांना तोच वेळ जगवतो." मग मुलाच्या हातातला कागद काढून घेत म्हणाल्या, "ऑपरेशन आत्ता थांबवू. आधी सलाईनमधून औषध देऊन गुठळी विरते का बघू. हे आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. तासाभरानं सांगितलं असतंत, तर माझ्या हातात सुरी असती."

त्या गेल्या. मुलगा त्यांच्या मागं गेला, बापाकडं न बघता. सून खाली वाकून खिळे गोळा करत होती. गोळ्या वेगळ्या, खिळे वेगळे.

"मला विचारायचंत, बाबा," ती म्हणाली.

"तुझाच तर संशय होता," बोकोबा म्हणाले. आता पोटात ठेवायला काही उरलंच नव्हतं. "वाटीत तू काढायचीस ना."

सुनेचा हात थांबला. ती तशीच वाकलेली राहिली, आणि एक थेंब टपकन डब्याच्या झाकणावर पडला. "भिंग लावून काढत होते मी," ती म्हणाली. "माझ्या हातून चुकीची जायला नको म्हणून. फडताळावरून भांडलो ना आम्ही. आईंचं काही बरंवाईट झालं असतं, तर जन्मभर जिवाला खात राहिलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "एवढी वाईट आहे का हो मी?"

बोकोबांनी मान हलवली. नाही म्हणायचं होतं, पण म्हणता आलं नाही. त्या दुपारी त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची वाचा गेली म्हणायची.

गुठळी विरली. वाचा परतली, पण लंगडत लंगडत. परिचारिकेनं बायकोला रोज अवघड शब्द मोठ्यानं म्हणायचा अभ्यास दिला. घरी आणलं त्या संध्याकाळी सुनेनं दुकानाला दांडी मारली होती. दिवे लागले. तिनं वाटी आणली आणि नवऱ्याच्या हातात न देता, स्वतःही न देता, सरळ सासऱ्यांच्या पुढ्यात धरली. मुलगा काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "बाबाच देतील."

बोकोबांनी गोळी चिमटीत घेतली आणि पलंगाच्या कडेला बसले. "थांब. आधी ऐक," ते म्हणाले. "ही गोदामातली दवा आहे. उंदरांची. तीच. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या तेच म्हणून. मी तुला चोरून दुसरीच देत होतो. तुला सांगितलं नाही, कारण तू भित्री."

बायकोनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत ती बोलू लागली.

"तुमचे गोदामातले कपडे, जन्मभर, कुणी धुतले?"

"तू."

"खिशातले दाणे कुणी झटकले?"

"तूच."

"आणि छाती उघडून लोखंड कुणी बसवून घेतलं? ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही जिन्यात बसून रडत होतात. मी स्ट्रेचरवरून बघितलं." तिला दम लागला. तो घेऊन ती म्हणाली, "मी भित्री?"

सून दाराआड तोंड फिरवून हसली की रडली, कळलं नाही. खोलीत टिक, टिक ऐकू येत होतं, स्पष्ट, अगदी पहिल्यासारखं.

"मला अभ्यास करू द्या," बायको म्हणाली. ओठ जुळवले, डोळे मिटले, आणि त्या घरात सुनेखेरीज कुणाला जमलं नव्हतं ते तिनं करून दाखवलं. "वॉर. फॅ. रिन." एकही अक्षर सांडलं नाही. मग तिनं तोंड उघडलं.

बोकोबांचा हात पुढं जाईना. अंधाऱ्या गोदामात पोत्यांच्या फटीफटीतून दवा घालताना जो कधी चळला नव्हता, तो हात गोळी धरून तिच्या ओठांसमोर लटलट कापत होता. तिनं त्यांचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि गोळी घेतली. पाणी प्यायली.

"अहो, नीट धरत जा," ती म्हणाली. "दवा आहे. खाली सांडू द्यायची नसते."